दाजींचा हसण्याचा तास

पूर्णेत कुणालाही विचारा, व्यंकटराव सर म्हणजे देवमाणूस, असंच सांगतील. मला विचारू नका. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे दाजी. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी केली, त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून घर बांधलं आणि निम्मं आयुष्य या देवमाणसाला जवळून बघण्यात घालवलं. जवळून बघितलं की देवपण फार टिकत नाही.

दाजींचं शिक्षणशास्त्र एका ओळीचं होतं. हसणारं पोर शिकत नाही आणि शिकणारं पोर हसत नाही. हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की समोरचे आईबाप माना डोलवायचे आणि शेजारी उभ्या पोराकडे असं बघायचे, जणू त्यानं हसूनच घर बुडवलंय.

त्यांचे वडील देवगाव फाट्याजवळच्या एका खेड्यात भिक्षुकी करायचे. उरलेल्या वेळात दाजींना बडवायचे. संथा चुकली की ताम्हनातली पळी बोटांवर. दाजी हे अजूनही अभिमानानं सांगतात. बोटं पुढं करून दाखवतात. एखाद्यानं यातून काही वेगळा धडा घेतला असता. यांनी एवढाच घेतला, की मोठं झाल्यावर पळी आपल्या हातात येते.

पुढे ते जिल्हा परिषदेत मास्तर झाले. नोकरीत असताना एकदा परभणीला आनंददायी शिक्षणाचं प्रशिक्षण लागलं. तिथल्या साहेबांनी सगळ्या गुरुजींना गोल उभं केलं आणि म्हणाले, आता प्रत्येकानं एकेक पक्षी व्हायचं. पोटं सुटलेले गुरुजी मोर झाले, पोपट झाले, हात फडफडवत हॉलभर फिरले. दाजी खुर्चीवरून उठले नाहीत. "मी जिल्हा परिषदेचा नोकर आहे, कावळा नाही," असं म्हणून त्यांनी चहाबरोबरची बिस्किटं तेवढी खाल्ली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जरा आदर वाटला होता. ते साहेबही काही कमी नव्हते. दुपारी सगळ्यांकडून 'मला आनंद झाला' असं लिहून घेऊन त्यांनी खाली सह्या घेतल्या. पण दाजींनी त्या दिवसापासून खेळ या गोष्टीलाच कायमचं कावळ्यात जमा केलं. वर्गात कुणी खुदकन हसलं की म्हणायचे, "काय रे, प्रशिक्षणाला आलास काय?"

निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, नातवंडांना फिरवतात. दाजींनी घराच्या पुढच्या खोलीत नवोदय या सरकारी निवासी शाळेच्या परीक्षेचा वर्ग काढला. वर्गातली दोन-चार पोरं खरंच लागली नवोदयला. मग काय, वर्गासमोर चपलांचा ढीग पडायला लागला. शेतकऱ्यांची, रेल्वेतल्या खलाशांची, दुकानदारांची पोरं यायला लागली, पिंगळीहून पॅसेंजरनं येणारीही होती.

या वर्गात प्रवेशाचा एक दस्तूर होता. पोराच्या बापानं यायचं ते एक नारळ आणि एक लाकडी फूटपट्टी घेऊन. पट्टीवर पोराचं नाव शाईनं लिहिलेलं हवं. नारळ देवापुढे आणि पट्टी टेबलावर. पोरगं चुकलं की त्याच्याच नावाची पट्टी त्याच्या तळहातावर. दुसऱ्याची पट्टी दुसऱ्याला कधी नाही. याला दाजी न्याय म्हणायचे. एक चुकला की त्याच्या रांगेतल्या सगळ्यांनी हात पुढं करून बसायचं, म्हणजे पुढचा नंबर कुणाचाही लागू शकतो हे ध्यानात राहतं. मी एकदा म्हणालो, "दाजी, मारणं कायद्यात बसत नाही आता." तर म्हणाले, "शाळेत बसत नाही. हे घर आहे." एवढ्या मोठ्या विद्वानापुढं पार्सल क्लार्कनं काय बोलायचं?

माझी बहीण, आमची सुमंगलाअक्का, या सगळ्यात कुठं होती? स्वयंपाकघरात. तिथून ती पट्टीचे आवाज ऐकायची. रोज पाचच्या सुमाराला मात्र तिच्या घरातलं काहीतरी हमखास संपायचं. कोथिंबीर, दूध, नाहीतर उदबत्ती. "तेवढं आणून द्या की," म्हणायची. दाजी पिशवी घेऊन बाहेर पडायचे, आणि पोरांना तेवढा वेळ मोकळा श्वास मिळायचा. दाजींना वाटायचं, बायको विसरभोळी आहे. अजूनही वाटतं.

गेल्या जूनमध्ये या घरात ईश्वरी आली. दाजींची नात, विवेकची मुलगी. विवेक पुण्यात कंपनीत, त्याची बायको योगिनी बँकेत. आपल्या जिल्ह्यातून नवोदयला बसायचं तर पाचवीचं वर्ष जिल्ह्यात काढायला लागतं, म्हणून पुण्या-मुंबईला गेलेली माणसं पोरांना वर्षभर आजी-आजोबांकडे आणून टाकतात. आमच्याकडे आता ती रीतच झाली आहे. योगिनीच्या मनात नव्हतं. विवेकनं बापापुढं नेहमीसारखी मान खाली घातली. आणि कहर म्हणजे, येताना हा शहाणा पुण्याहून चांगली सागवानी फूटपट्टी घेऊन आला, सुंदर अक्षरात 'ईश्वरी' लिहून. "दस्तूर म्हणजे दस्तूर," असं म्हणून हसला. ज्याचे तळहात सगळं बालपण बापापुढं पसरलेले होते, तो माणूस हसत हसत लेकीची पट्टी घेऊन येतो! मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती. दिली नाही. मामाचा मान आड आला.

ईश्वरी आली तेव्हा काय पोरगी होती ती! नकला करायची. पुण्याचा रिक्षावाला, शेजारच्या काकू, बँकेत भांडणारे आजोबा. माझी पण केली. मी पान खाऊन बोलतो तसं तोंड वर करून बोलली, तर अक्काला हसता हसता ठसका लागला. दाजी आतून ओरडले, "काय चाललंय?" झालं, बंद.

त्यांनी तिला नियम सांगितला. घरात आबा, वर्गात सर. पण वर्गही घरात आणि घरही वर्गात. पोरीचा गोंधळ व्हायला लागला. दिवाळीपर्यंत ती जेवायला बसल्यावरही "सर, भाजी नको" म्हणायला लागली. बोटं मांडीखाली लपवून गणितं मोजायची. फोनवर आईशी बोलताना आवाज इतका बारीक, की योगिनी चिडून म्हणायची, "रेंज नाहीये का तिकडं?" रेंज होती. पोरगीच राहिली नव्हती.

दिवाळीत योगिनीनं विषय काढला. "आबा, ही बोलेनाशी झालीय. मी हिला घेऊन जाते."

दाजी म्हणाले, "डिसेंबरात वर्गाचा पालक मेळावा आहे. या. सगळ्यांसमोर पोरगी उभी राहून शिकवून दाखवते की नाही बघा. नाही जमलं तर घेऊन जा, मी एक शब्द बोलणार नाही."

म्हणजे पोरीचं राहणं-जाणं एका कार्यक्रमावर टांगलं गेलं. योगिनी कबूल झाली, कारण शाळेचं वर्ष मध्येच मोडायला तिलाही भीती वाटत होती. ईश्वरी दाराशी उभी राहून हे ऐकत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

आता माऊलीबद्दल सांगायला हवं. पिंगळीच्या दूधवाल्याचं पोरगं. गुबगुबीत, शांत, आणि अपूर्णांक आले की एकदम दगड. दाजी विचारायचे, "सहा अष्टमांशाचं संक्षिप्त रूप?" माऊली पट्टीकडं बघायचा. दाजी म्हणायचे, "बाप दूध घालून फी भरायलाय, अन् तू झोपा काढायलास?" मग पट्टी. त्या पोराचा हात मला माहीत आहे. एकदा मी त्याला पेढा दिला तर त्यानं सवयीनं तळहात पसरून डोळे मिटले.

दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात अक्काबरोबर चहा पीत बसलो होतो. अक्काची उदबत्ती संपली होती, दाजी बाजारात गेले होते. अंगणातून हसण्याचा आवाज यायला लागला. खिडकीतून बघतो तर पोरांनी 'सर-सर' खेळ मांडलेला, आणि सर झाली होती ईश्वरी. दाजींचा टॉवेल खांद्यावर, चष्म्याचं रिकामं घर हातात, खालचा ओठ पुढं. काय सांगू, डिट्टो व्यंकटराव!

"गाढवांनो, ऐका," ती दाजींच्या आवाजात म्हणाली. "सरांच्या डोक्यावर आठ केस. दोन केस पॅसेंजरच्या वाऱ्यानं उडाले. उरले किती अंश?"

"सहा अष्टमांश!" सगळी पोरं.

"माऊली, संक्षिप्त रूप?"

माऊली पोट धरून हसत होता. हसता हसताच म्हणाला, "पाऊण, सर! दोन-दोन केसाची एक जुडी बांधली, तर व्हत्या चार जुड्या. एक उडाली. ऱ्हायल्या तीन. पाऊण डोकं!"

शेजारी बसलेली निकिता गडबडा लोळायला लागली. माऊली तिला पुन्हा समजावून सांगायला लागला, तिच्या वेणीला हात लावून. जे दाजींना जूनपासून पट्टीनं कोंबता आलं नव्हतं ते या पोरांनी त्यांच्याच टकलावर बसून पाच मिनिटांत शिकून टाकलं होतं. आणि ईश्वरी! कितीतरी महिन्यांनी तिच्या गालाला खळी पडलेली दिसली. अक्कानं पदर तोंडाला लावला. मला कळलं, ती हसत नव्हती.

तेवढ्यात फाटकापाशी दाजी दिसले. उदबत्तीचा पुडा हातात. कधीपासून उभे होते कोण जाणे. दुसरा हात आपोआप डोक्याकडं गेला होता. पोरं जागच्या जागी थिजली, आणि मी खिडकीपासून पायऱ्यांकडं धावलो, कारण ईश्वरीला आता वाचवायला पाहिजे असं मला वाटलं.

दाजी आत आले. माऊलीला म्हणाले, "बरोबर आहे. तीन चतुर्थांश. चालू द्या."

कुणीच काही चालू करेना. दाजी वाट बघत उभे राहिले. मग आत गेले.

त्या एका क्षणी मला खरंच वाटलं होतं की माणूस बदलला. मी तरी किती भाबडा! खरी गोष्ट अशी, की स्टेशन रोडला शंतनु सर नावाच्या तरुण मास्तरानं नवा वर्ग काढला होता. तिथं मोठा टीव्ही, भिंतीवर फुगे, पोरांच्या वाढदिवसाला केक. दाजींकडची सहा-सात पोरं तिकडं गेली होती. दाजींना माऊलीच्या तोंडावरचा आनंद दिसलाच नाही. त्यांना शंतनु सरांवरचा उतारा दिसला.

चार दिवसांत फलक लागला: 'हसत-खेळत नवोदय'. खाली दाजींचा फोटो, अर्थातच न हसणारा.

आणि वर्गात हसण्याचा तास सुरू झाला. रोज साडेपाचला. ईश्वरीनं सर व्हायचं. काय बोलायचं ते दाजींनी ठरवून दिलं. केस रद्द झाले, त्याजागी लाडू आले. 'सरांकडे आठ लाडू होते, त्यांतले दोन सरांनी गरिबांना वाटले.' गरीबच का, तर त्यातून संस्कार होतात. प्रत्येक उदाहरणानंतर दाजी हात वर करायचे आणि म्हणायचे, "हसा." पोरं हसायची. दाजी हात खाली घ्यायचे, पोरं थांबायची. निकिता एकदा उशिरा थांबली तर तिला पट्टी बसली. माऊलीला हसू आलं नाही, तर त्यालाही बसली. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. हसला नाही म्हणून पोराला मारणारा मास्तर या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल.

मी म्हणालो, "दाजी, हे काय करायलात तुमी? पोरं त्यांची त्यांची खेळायली होती, तेच चांगलं होतं."

"त्यांची त्यांची खेळली तर शिस्त कशी राहील?" ते म्हणाले. "खेळाचा फायदा मला पटलाय. म्हणून तर मी तो नियमात बसवला."

एवढं बोलून ते समाधानानं माझ्याकडं बघत राहिले. पक्षी व्हायला लावणाऱ्या साहेबांना नाक मुरडणारा माणूस त्या साहेबांच्याही पुढं निघून गेला होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. माऊली पुन्हा दगड झाला. पाचला अक्काची उदबत्ती संपायची, पण दाजी बाहेर पडेनात. "कार्यक्रमाची तालीम आहे," म्हणायचे.

मेळाव्याचा दिवस आला. अंगणात मांडव, खुर्च्या, पालकांना पोहे. पुण्याहून विवेक आणि योगिनी आले, पहिल्या रांगेत बसले. माऊलीचा बाप दुधाचे कॅन स्टेशनवर ठेवून थेट तिथंच आलेला. खुर्ची रिकामी असून मागं खांबाला टेकून उभा राहिला. पुढं चटईवर पोरं रांगेत, टेबलावर सगळ्यांच्या पट्ट्या. दाजींनी शिक्षणावर भाषण केलं. खेळ ही माझ्या वर्गाची जुनी परंपरा आहे, असंही त्यात बेधडक सांगून टाकलं. मी पोह्यातला शेंगदाणा चावत होतो, जीभच दाताखाली आली.

मग ईश्वरी आली. दाजींचा काळा कोट, बाह्या दुमडलेल्या. लोक तिला बघूनच हसले. तिनं लाडू सांगितले, गरीब सांगितले. आवाज ठणठणीत. विवेकचा चेहरा फुलला. दाजींनी योगिनीकडं बघून मान हलवली, म्हणजे बघ, पोरगी बोलते की नाही. खरंच, त्या क्षणी वाटलं की आता ही इथंच राहणार.

"माऊली," ती म्हणाली, "उरलेल्या लाडवांचं संक्षिप्त रूप सांग."

माऊली उभा राहिला. त्यानं मागं बापाकडं बघितलं आणि त्याच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. रोज पाठ केलेलं उत्तर. दाजी बाजूनं दातओठ खात कुजबुजले, "अरे बोल की!" त्यानं तर तो पारच गेला.

ईश्वरी थोडा वेळ थांबली. हे तिला ठरवून दिलेलं नव्हतं. मग तिनं तेच केलं, जे तिनं रोज बघितलं होतं.

"बाप दूध घालून फी भरायलाय," ती दाजींच्या आवाजात म्हणाली, "अन् तू झोपा काढायलास?"

मांडव हसला. पोटभर हसला. मी वळून बघितलं. खांबाजवळचा माणूस आधी सगळ्यांबरोबर हसला, मग त्याला कळलं की हा बाप म्हणजे आपणच. त्यानं मान खाली घातली आणि गमछ्यानं तोंड पुसत राहिला.

"हात पुढे," ईश्वरी म्हणाली.

माऊलीनं हात पुढं केला. आणि त्याच्याबरोबर अख्ख्या रांगेनं, कुणी न सांगता, तळहात पसरले. लोकांना वाटलं, काय सुंदर बसवलंय! टाळ्या पडल्या. ईश्वरीनं टेबलावरून पट्ट्या चाळून माऊलीच्या नावाची काढली आणि मारली. खोटी नाही, खरी. तिला खोटी मारता येतच नव्हती, तिनं ती कधी बघितलीच नव्हती.

पट्टीचा आवाज मागपर्यंत गेला. हसणं हळूहळू विरलं.

"पाऊण," माऊली म्हणाला.

दाजींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ईश्वरी आपल्या हाताकडं बघत होती. तिनं ती पट्टी खाली ठेवली, ढिगातून स्वतःच्या नावाची सागवानी पट्टी काढली, माऊलीच्या हातात दिली आणि आपला तळहात त्याच्यासमोर धरला. कोटाची बाही सुटून बोटांवर आली, ती तिनं दुसऱ्या हातानं मागं सारली.

"आता तू मार," ती म्हणाली. हा आवाज दाजींचा नव्हता.

माऊली पट्टी धरून उभा. त्याला मारायचं नव्हतं. पण त्या वर्गात सरांना विचारल्याशिवाय काही करायचंही नसतं, म्हणून त्यानं दाजींकडं बघितलं.

आणि आमचे दाजी हसले! मी त्यांना असं हसताना पूर्वी बघितलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, नातीनं आपल्या मनानं कार्यक्रमात भर घातली. एवढे लोक बघतायत, सगळे खूश आहेत. त्यांनी माऊलीला हातानं खुणावलं.

"मार, मार," ते म्हणाले. "लाजू नको. जोरात मार."

विवेकनं आपले दोन्ही हात मांडीखाली घातले. मोठा कंपनीतला माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि पाचवीतल्या पोरासारखे त्यानं तळहात लपवले. माऊली मारेना. ईश्वरी हात मागं घेईना. तेव्हा योगिनी उठली. चटईवरून चालत गेली, माऊलीच्या हातातली पट्टी तिनं अलगद काढून घेतली आणि वर लिहिलेलं नाव वाचलं.

"हे तुझं अक्षर आहे ना?" तिनं विवेकला विचारलं. सगळ्या मांडवादेखत.

संध्याकाळी बॅग भरताना घरात काय झालं ते थोडक्यात सांगतो. दाजींनी दिलेला शब्द लगेच मोडला. एक शब्द बोलणार नव्हते, तासभर बोलले. परीक्षा महिन्यावर आलीय, पोरीचं नुकसान होतंय, तुम्ही शहरातली माणसं लाडावून ठेवता. योगिनी कपड्यांच्या घड्या घालत राहिली. शेवटी म्हणाली, "आबा, तुम्ही तिला मारायला सांगितलंत."

"अगं, ते नाटक होतं!"

"तिला ते कुणी सांगितलं होतं?"

दाजी चष्मा काढून टॉवेलनं पुसायला लागले. आयुष्यभर दुसऱ्यांना उत्तरं विचारणाऱ्या माणसाची ही गत मी समोर बसून बघितली, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ईश्वरी जाण्याआधी अंगणात गेली. माऊली आणि त्याचा बाप अजून फाटकापाशी होते. ती माऊलीशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानं तिच्या लांब बाहीला हात लावून काहीतरी म्हटलं आणि ती हसली. कोट अजून तिच्या अंगावरच होता. अक्कानं तो काढून घेतला नाही.

वर्ग बंद पडला नाही. असली दुकानं बंद पडत नसतात. उलट मेळाव्यातली शिस्त बघून दोन नवीन बाप नारळ घेऊन आले. पण दुसऱ्याच दिवशी आमची अक्का, जी सगळा संसार स्वयंपाकघरातून करत आली, बाहेर येऊन दाजींना म्हणाली, "पाच ते सहा अंगण माझंय. पोरं खेळतील. तुमी घरात बसायचं, न्हाईतर बाजारात जायचं." दाजींनी डोळे वटारले. ती बघत उभी राहिली. मग ते घरात बसले. माऊलीच्या बापानं त्याला वर्गातून काढलं, पण पाचच्या पॅसेंजरनं माऊली अंगणात येतो, निकिताला अपूर्णांक शिकवतो. दाजी खिडकी लावून घेतात. आवाज आत येतोच.

दर रविवारी पुण्याहून फोन येतो. ईश्वरी अक्काशी बोलते, माझ्याशी बोलते. माझी नक्कल माझ्यापुढंच करते. दाजी शेजारच्या खुर्चीवर पेपर धरून बसलेले असतात; पान उलटत नाहीत. गेल्या रविवारी अक्कानं न विचारताच फोन त्यांच्या हातात दिला. दाजींनी तो कानाला लावला. ओठ हलले, घसा साफ केला. उन्हाळ्यात येशील का, हे त्यांना विचारायचं होतं. सकाळपासून अक्काला तीनदा म्हणून दाखवलं होतं.

"हं," ते म्हणाले, "सतराचा पाढा येतो का गं?"

मग पोरीनं पाढा सुरू केला. एका सुरात, न अडखळता, न थांबता, सतरा एके सतरापासून एकशे सत्तरपर्यंत पुरा म्हटला. आणि फोन ठेवून दिला.

दाजी फोन कानाला तसाच धरून बसले. "एक चूक नाही," ते मला म्हणाले, आणि पेपर तोंडासमोर धरला.